खोटी पत्रं, खरा तुरुंग

उपसंपादकाच्या नोकरीत टिळक-आगरकरांच्या एकशे एक दिवसांवरचे सहा-सात लेख तरी माझ्या हाताखालून गेले असतील. जयंती-पुण्यतिथीच्या पुरवणीत तो लेख ठरलेला. बहुतेकांत एक वाक्य हमखास असायचं: इंग्रज सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून दोघांना डोंगरीच्या तुरुंगात टाकलं. मीही ते कितीदा तरी तसंच छापायला सोडलं. खटला राजद्रोहाचा नव्हता. अब्रुनुकसानीचा होता, आणि फिर्यादी चांगला मराठी माणूस होता.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी तेव्हा ऐन तारुण्यात होते. महाराजांना वेड लागलंय असं सरकारचं म्हणणं, आणि कारभार रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे यांच्या हाती. महाराजांचा छळ होतोय, अशी कुजबुज पुण्यापर्यंत पोचलेली. ‘मराठा’ २ जानेवारी १८८१ ला निघाला, ‘केसरी’ ४ जानेवारीला. दोन्ही वृत्तपत्रं अजून वर्षाचीही झालेली नव्हती. ‘केसरी’ आगरकरांकडे, ‘मराठा’ टिळकांकडे, दोघेही पंचविशीतले. अशात बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रं पुढे आली. महाराजांविरुद्धचं कारस्थान त्यांतून उघड होत होतं. दोघांनी बर्व्यांवर झोड उठवली.

मला त्या पत्रांपुढे बसलेले ते दोघे डोळ्यांसमोर आणता येतात. आधीपासून ज्याचा संशय आहे, नेमका त्याचाच पुरावा हातात पडतो. असा कागद उलटून बघायला फार मोठं मन लागतं.

पत्रं बनावट निघाली.

खटला उभा राहिला तेव्हा जामिनाची सोय जोतीराव फुल्यांनी केली. त्यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला. टिळक-आगरकरांचे सहकारी असलेल्या ज्या चिपळूणकरांनी आपल्या ‘निबंधमाला’ मासिकात फुल्यांची यथेच्छ टवाळी केली, त्यांच्याच मंडळींसाठी. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ ला, चिपळूणकर गेले. पत्रं खोटी आहेत हे उमगल्यावर टिळक-आगरकरांनी माफी मागितली. बर्व्यांनी फिर्याद काढून घेतली नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही घेतली नसती. जुलैत चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून १०१ दिवस भरले आणि २६ ऑक्टोबरला दोघे बाहेर आले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. टिळकांचं वजन २४ पौंडांनी उतरलं होतं. हा आकडा पुरवण्यांमध्ये न चुकता असायचा; बनावट पत्रांचा उल्लेख आला तर यायचा.

पुढे २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज मरण पावले. लोक म्हणाले, बघा, आम्ही काय सांगत होतो! महाराजांच्या हालांबद्दलची काळजी पोकळ नव्हती हे खरंच. पण अहमदनगरातल्या मृत्यूने बर्व्यांच्या नावावरची ती पत्रं खरी होत नाहीत. आमच्या लेखांत मात्र बर्वे कायम खलनायक. त्यांच्यासाठी कुणी कधी पुरवणी काढली नाही.

हे सगळं मला इतकं टोचतं त्याला कारण आहे. बरीच वर्षं झाली. एका तालुक्याच्या वार्ताहराने एका विकास सोसायटीच्या सचिवाचं सहीचं पत्र धाडलं. खताच्या पैशांचा घोळ त्यात जवळजवळ कबूल केलेला. सोसायट्यांत घोळ असतात हे मला ठाऊक होतं. सही कुणाची, हे विचारायला फोन करायचा राहिला. ‘राहिला’ म्हणतोय, पण खरं म्हणजे मला तो करायचाच नव्हता. तीन कॉलमी बातमी लावली, मथळा मीच दिला आणि त्या मथळ्यावर खूशही होतो. पंधरा दिवसांत कळलं, सही दुसऱ्याच कुणाची. खुलासा छापला: पान सात, निविदा सूचनेच्या खाली, अकरा ओळी.

दोन दिवसांनी तो सचिव कचेरीत आला. पन्नाशीचा माणूस, हातात कापडी पिशवी. आवाज चढवला नाही. खुलासा आलेल्या अंकाच्या दहा प्रती मागितल्या. मी शिपायाला सांगून आणून दिल्या, पैसे घेतले नाहीत. त्याने एक अंक उघडला, सातवं पान काढलं, बोट फिरवत फिरवत अकरा ओळी शोधल्या आणि विचारलं, “साहेब, आधीची बातमी चावडीच्या फळ्यावर लावलीय लोकांनी, लांबून वाचता येते. ही लावली तर दिसंल का?”