संघाची पंगत

अहमदाबादकडून येणारी गाडी बाजवा स्टेशन मागे टाकते आणि डब्यातील उतारूंची चुळबुळ सुरू होते. बडोद्याच्या उत्तरेस लागूनच हे स्टेशन आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या खत कारखान्यामुळे बाजव्याचे नाव पुढे बाहेरगावीही पोहोचले. परंतु नित्याच्या उतारूला बाजव्याचा अर्थ एवढाच की, बडोदे आले, आता वळकट्या आवरा. डब्यात एखाद्या शाळेचा किंवा व्यायामशाळेचा संघ असला, तर नेमक्या याच वेळी कोणीतरी कर्णधाराला विचारतो, "मग, जेवायचे कोठे?"

प्रश्न अगदी साधा आहे. खेळाडूचे वय भुकेचे, खिसा हलका आणि दुसऱ्या दिवशी सामना. तेव्हा अन्न ताजे असावे, पोटभर मिळावे आणि पोटाला बाधू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. परंतु श्रोतेहो, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एखाद्या संघाने विचारला असता, तर त्याचे उत्तर इतके सोपे नव्हते. 'कोठे चांगले मिळते?' याच्या आधी 'आपणा सर्वांना एका ठिकाणी कोण वाढील?' असे विचारावे लागले असते. खेळाच्या निमित्ताने झालेल्या प्रवासांत या प्रश्नाचे उत्तर कसे बदलत गेले, ते आज पाहावयाचे आहे.

आपल्या जुन्या प्रवासाचे अन्न म्हणजे शिदोरी. तिच्यात दशमीला मानाचे स्थान होते. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले म्हणजे त्या भाकरीला सोवळ्याओवळ्याचा जाच कमी होतो, अशी समजूत होती. दशमी टिकते, चवीलाही गोड लागते, हे खरेच. पण तिच्या लोकप्रियतेचे एक कारण असे की, ती परक्या चुलीपासून प्रवाशाचा बचाव करी. लाडू, चिवडा, गूळ-शेंगदाणे यांचेही तसेच. आपल्या शिदोरीत जितकी रुची होती, तितकीच दुसऱ्याच्या हातच्या अन्नाची धास्तीही होती.

आगगाडी आली तेव्हा लोक म्हणू लागले की, आता ही बंधने गळून पडणार. एका बाकावर सर्व जातींची माणसे बसू लागली. परंतु स्टेशनवर उतरावे तो हिंदू पाणी निराळे, मुसलमान पाणी निराळे, उपाहारगृहेही निराळी. गाडीने माणसांना शेजारी बसवले, पण एका ताटाला बसवले नाही.

बडोद्याची मल्लविद्या प्रसिद्ध. गायकवाडांच्या आश्रयाने येथे पहिलवान जोपासले गेले. राजरत्न माणिकराव यांनी आपल्या व्यायाममंदिराला आपले गुरू जुम्मादादा यांचे नाव दिले. शिष्य हिंदू, गुरू मुसलमान. आणि या नावात कोणाला काही विसंगत वाटले नाही. आखाड्याच्या मातीत अंगाला अंग भिडते, तेथे विटाळाचा विचार करून कुस्ती होत नाही. पहिलवानाचा खुराकही प्रवासाला सोयीचा. दूध, तूप, बदाम, फळे या वस्तूंना शिजवलेल्या अन्नाइतके निर्बंध नव्हते. त्यामुळे तालमीत जे एकत्र घुमत, त्यांना एकत्र जेवलेच पाहिजे अशी पाळी सहसा येत नसे. संघाने खेळावयाचे खेळ रुजू लागले, तेव्हा मात्र ही सोय संपली. क्रिकेटचा सामना दिवसच्या दिवस चालतो. त्यात दुपारचे जेवण येते आणि तिसऱ्या प्रहरी चहाही येतो. तेथे प्रश्न टाळता येत नाही.

तो प्रथम पुण्यात ऐरणीवर आला. पाळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला तरुण पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. डावखुऱ्या हाताची त्याची फिरकी भल्याभल्यांना उमगत नसे. हिंदूंच्या संघाला साहेबांना हरवावयाचे होते. म्हणून पुष्कळ वाद होऊन अखेर बाळूला संघात घेण्यात आले. चेंडू त्याने टाकावा, तोच चेंडू इतरांनी झेलावा, यास हरकत राहिली नाही. परंतु चहाची वेळ झाली की सगळे आत जात आणि बाळूला पॅव्हिलियनबाहेर मातीच्या बोळक्यात चहा मिळे. ते बोळके नंतर फेकून द्यावयाचे. जेवणासाठी त्याचे ताट वेगळे आणि मेजही वेगळे. तोंड धुवावयाचे झाल्यास पाणी घालण्यासाठीही त्याच्याच दर्जाचा समजला जाणारा गडी लागे.

या व्यवस्थेतील विसंगती लोकांच्या लक्षात यावयास वेळ लागला, पण ती आली. बाळूच्या गोलंदाजीने साताऱ्यास युरोपियन संघाचा पराभव झाल्यावर पुण्यात त्याचा सत्कार झाला. त्या प्रसंगी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी असा विचार मांडल्याचे सांगतात की, ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता, त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत ती काय? न्यायमूर्तींनी येथे धर्मशास्त्राचा आधार काढला नाही. साधा सुसंगतीचा मुद्दा पुढे ठेवला. मला वाटते, त्या मुद्द्याचे बळ त्याच्या साधेपणातच होते. खेळणाऱ्यांना तो नाकारता येईना.

पुढे बाळू मुंबईस आला. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्या संघात बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम हे दोघे होते. त्या काळच्या सुधारकांनी या विजयात केवळ साहेबाचा पराभव पाहिला नाही. या भावांबरोबर सवर्ण खेळाडूंनी सहभोजन केले, याची त्यांनी आवर्जून दखल घेतली. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूने शंभरावर गडी बाद केले. तथापि सन्मानाची पायरी चढावयास आणखी बारा वर्षे लागली. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूला कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. चहाच्या पेल्यापासून कर्णधारपदापर्यंतचा हा रस्ता एका कुटुंबाने चालून दाखवला. त्याची सुरुवात पेल्यापासून झाली, हे विसरता कामा नये.

आता बडोद्याकडे वळू. खेळाच्या दौऱ्याशी थेट संबंध नसलेली, पण आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारी एक घटना येथे घडली आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली आपल्या राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले होते. अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या होत्या. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू होण्यासाठी आले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला: उतरावयाचे कोठे, जेवावयाचे कोठे?

हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती पारशांपुरतीच होती. तेव्हा त्यांनी पारशी नाव धारण केले. राहण्याजेवण्याचे रोज दीड रुपया ठरले. वरच्या मजल्यावरच्या ओसाड, अडगळीने भरलेल्या खोलीत त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी तेथे आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एका हिंदू मित्राने सांगितले की, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. एक ख्रिस्ती मित्र पत्नीला विचारून सांगतो म्हणाला. अखेर ते कामाठी बागेत, म्हणजेच सयाजीबागेत, येऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. हा वृत्तांत त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

या घटनेचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. राजा अनुकूल होता. विद्या होती, पदवी होती, सरकारी हुद्दा होता. राजसत्तेला हे सर्व देता आले. एक ताट मात्र देता आले नाही. शाळेचा दरवाजा राजाज्ञेने उघडतो. खानावळीचा दरवाजा समाजाच्या मनाने उघडतो आणि तो उघडावयाचा तर शेजारी बसणाऱ्याने आपले पान उचलून दूर न्यावयाचे नाही, असे ठरवावे लागते.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे मर्म ओळखले होते. मल्लविद्येचे ते मोठे आश्रयदाते. १९१२ साली तयार झालेले खासबाग मैदान ही त्यांचीच करणी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले, त्यास महाराजांचे पाठबळ होते. तेथे सुरुवातीस गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपला लवाजमा घेऊन त्या दुकानासमोर थांबत, स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यावयास लावीत. हुकूम काढण्यापेक्षा हा मार्ग अवघड होता, कारण त्यात राजाला स्वतः पेला हाती धरावा लागला.

बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतुतूचे नियम छापले आणि त्याच वर्षी अखिल भारतीय सामने भरवले. त्याआधी साताऱ्यास १९१८ साली या खेळाला शिस्त लावण्याचा प्रयत्न झाला होता. गावोगावी निराळ्या रीतीने खेळला जाणारा खेळ एका नियमाखाली आला, म्हणून एका गावचा संघ दुसऱ्या गावी जाऊन खेळू शकला. हुतुतूत तर प्रतिस्पर्ध्याला शिवणे हाच खेळाचा प्राण. शिवण्यावरच गुण मिळतात, तेथे शिवाशिवीचे स्तोम किती काळ टिकणार? मैदानावर ज्याचा पाय धरून ओढले, त्याच्या शेजारी सायंकाळी पानावर बसण्यास नकार देणे हळूहळू हास्यास्पद होत गेले.

क्रिकेटमध्ये याच दिशेने आणखी एक पाऊल पडले. मुंबईचे सामने पूर्वी धर्मवार संघांत होत: हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि इतर. १९४६ साली ती पद्धत बंद झाली. रणजी करंडकासाठी संघ प्रांतवार होते. १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्यात अंतिम सामना झाला, तो होळकर संघाविरुद्ध. बडोद्याचे तीन गडी शंभरीच्या आत बाद झाले होते. त्यानंतर विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजारे सांगलीचे ख्रिस्ती मराठी. गुल महंमद लाहोरचे. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमद यांच्या ३१९. कोणत्याही गड्यासाठी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील हा उच्चांक २००६ पर्यंत अबाधित राहिला. देश फाळणीच्या उंबरठ्यावर असताना हे दोघे एका संघाचे म्हणून खेळत होते. धर्मावर संघ मांडला तर मेजही धर्मावर मांडता येते. गावाच्या नावाने संघ मांडला की मेज एकच मांडावे लागते.

परदेशी हा प्रश्न निराळ्या रूपात भेटे. १९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा युद्ध संपून तीन वर्षे झाली होती, तरी तेथे शिधावाटप चालूच होते. खेळाडूंना गोदीकामगार व खाणकामगार यांच्याइतका वाढीव शिधा देण्यात आला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव त्याच सामन्यांत प्रथम उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. लंडनमध्ये चिंता होती ती अन्न पुरेल की नाही याची. वाढणारा कोणाला वगळील, ही चिंता नव्हती. टंचाईतही सर्वांना एक माप लावता येते, हा त्या सामन्यांचा धडा म्हणावा लागेल.

आपल्या राज्यघटनेने १९५० साली हे माप कायद्यात आणले. पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान या कारणांवरून तेथे कोणास मज्जाव करता येत नाही. घटनाकारांनी समता, स्वातंत्र्य अशा थोर शब्दांबरोबर हॉटेलाचेही नाव घातले, याचे कोणाला नवल वाटेल. कामाठी बागेतील ती सायंकाळ ज्याला ठाऊक आहे, त्याला वाटणार नाही. अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरविणारा कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला. पुढच्याच महिन्यात पाळवणकर बाळू निवर्तले.

आता पुन्हा त्या बाजव्याच्या गाडीकडे. डब्यातील पोरांना बडोद्यात जेवणाची वाण पडणार नाही. घाटावरच्या मुलाला येथील गोड आमटी पहिल्या घासाला चकित करील. पण बडोद्याच्या रस्त्यावर सेव-उसळ मिळते आणि तिच्या नावातील 'उसळ' त्याला घरची आठवण देईल. कर्णधाराने सामन्याच्या आदल्या रात्री तेलकट, तिखट टाळावे. गिऱ्हाइकांची वर्दळ असलेली खानावळ पाहावी, कारण तेथे अन्न शिळे राहत नाही. पाणी कसे आहे ते आधी बघावे. हे सारे शहाणपण अनुभवाने येते.

परंतु यांत आणखी एक गोष्ट पाहावी, असे मला सुचवावेसे वाटते. संघाबरोबर सामान वाहणारा गडी असतो, गाडीचा चालक असतो, मैदान आखणारा असतो. संघ जेवावयास बसला की ही माणसे कोठे बसतात? अजूनही पुष्कळदा ती बाहेर असतात, मागाहून जेवतात आणि कोणाच्या ते ध्यानातही येत नाही. बाळूचे बोळके आज फुटले असेल, पण त्याचा एखादा तुकडा आपल्या सवयींत उरलेला असू शकतो.

बाजव्याहून गाडी सुटते, बडोदे येते, मुले उतरतात. त्यांपैकी कोणालाही आज नाव बदलून जेवावे लागणार नाही. हे सुख त्यांना आयते मिळाले आहे आणि ते त्यांच्या ध्यानातही नसावे, हेच योग्य. मात्र कर्णधाराने पाने मांडताना एकदा सर्वांची संख्या मोजावी आणि चालकाचे व गड्याचे पान त्याच रांगेत मांडावे. मग भाकरी थोडी करपलेली असली तरी ती खानावळ चांगली म्हणावयास हरकत नाही.