तेरचें देऊळ आणि सिराक्यूजचे खांब

लातूरच्या पश्चिमेस, धाराशिव जिल्ह्यांत, तेर नांवाचें गांव आहे. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांतील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानें पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवरील ‘तगर’ नगर वर्णिलें आहे, तें हेंच. येथील कापड भडोच बंदरांतून पश्चिमेकडे जाई. म्हणून विद्यार्थी मला विचारीत, “गुरुजी, मग आपल्याला देवळें बांधावयास रोमनांनीं शिकविलें काय?”

मी सांगें, व्यापार रोमशीं झाला, पण बांधणीची रीत येथलीच राहिली. तेरचें त्रिविक्रमाचें देऊळ पहा. बांधकाम विटांचें, पाठीमागची भिंत अर्धगोल, छप्पर गजपृष्ठाकार. घाट आपल्या लेण्यांतील चैत्यगृहांचा. मुळांत हा बौद्ध चैत्य असावा, असें हेन्री कझिन्स यांचें मत होतें. पुढें मंडप जोडला गेला. आज आंत त्रिविक्रमाची मूर्ति उभी आहे.

याच कथेचें भावंड भूमध्य समुद्रांतील सिसिली बेटावर आहे. सिराक्यूज येथें ग्रीकांनीं ख्रिस्तपूर्व ५ व्या शतकांत अथीना देवीचें मंदिर बांधलें. इसवी सनाच्या ७ व्या शतकांत खांबांमधील मोकळ्या जागा भिंतींनीं भरून त्याचें चर्च झालें. ते भक्कम डोरिक खांब आजहि भिंतींतून डोकावतात. १६९३ च्या भूकंपांत चर्चचा दर्शनी भाग ढासळला. १८ व्या शतकांत तो नवा उभारतांना कारागिरांनीं पुन्हा प्राचीन कॉरिंथियन घाटाचेच स्तंभ योजिले. आंतले जुने खांबहि त्यांनीं राखिले.

बरोबर ३०० वर्षांनीं, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीं पहाटे किल्लारीची भूमि हादरली. दगड-मातीच्या जड भिंतींखालीं हजारों जीव गेले. शाळा पुन्हा भरली तेव्हां माझ्या वर्गांतील दोन जागा रिकाम्या होत्या. तेव्हांपासून जुन्या भिंतीची धास्ती आमच्या मनांत बसली आहे, आणि ती अनाठायीं नाहीं. परंतु त्या धास्तीपोटीं जुनें तेवढें पाडावयाचें, हा धडा मात्र चुकीचा. कच्ची भिंत पाडावी, पक्की बांधावी. पण पिढ्यांनीं पारखलेला घाट जतन करावा. सिराक्यूजकरांनीं तेंच केलें.

तेरास गेलांत, तर त्या अर्धगोल भिंतीभोंवतीं एक प्रदक्षिणा जरूर घाला. देव बदलले, भक्त बदलले. पण कोणी ना कोणी तेथें दिवा लावीत राहिलें, म्हणून तें देऊळ आज आपल्याला पाहावयास मिळतें.