फासाखालचा हशा : ओशिमांचा 'कोशिकेइ' आणि गुन्हेगार 'घडवण्याची' गोष्ट

गुन्ह्याची कथा हसत हसत सांगणे ही चित्रपटकलेत नवलाची गोष्ट नाही. प्रेत लपवताना उडणारी धांदल, भित्रा मारेकरी, वेंधळा पोलीस हे सारे प्रेक्षकांच्या परिचयाचे आहे. अशा विनोदाने बहुधा गुन्ह्याची धार बोथट होते. आपण हसतो आणि हसता हसता सुटतो. १९६८ च्या फेब्रुवारीत तोक्यो येथे प्रदर्शित झालेल्या नागिसा ओशिमा यांच्या 'कोशिकेइ' या चित्रपटात प्रेक्षकाला ही सुटका मिळत नाही. त्यातील हास्य हाच पुरावा म्हणून त्याच्यासमोर ठेवला जातो. हा पुरावा कशाचा आणि कोणाविरुद्ध, याचा शोध घेण्याचा प्रयत्न आम्ही येथे करत आहोत. त्यासाठी चित्रपटाआधी त्यामागच्या दोन इतिहासांकडे वळावे लागेल. एक इतिहास गुन्ह्याचा आहे, दुसरा पैशाचा.

१९५८ च्या ऑगस्टमध्ये तोक्योच्या पूर्व भागातील कोमात्सुगावा हायस्कूलच्या गच्चीवर त्याच शाळेतील एका विद्यार्थिनीचे प्रेत सापडले. मारेकऱ्याने स्वतः 'योमिउरी' वृत्तपत्राला दूरध्वनी केले होते. त्याचा ध्वनिमुद्रित आवाज आकाशवाणीवरून ऐकवण्यात आला आणि १ सप्टेंबर रोजी री चिन-उ या १८ वर्षांच्या तरुणाला अटक झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमधील आणखी एका तरुणीच्या हत्येचा आरोपही त्याच्यावर ठेवण्यात आला. त्या शाळेच्या रात्रवर्गात तो शिकत होता, कारखान्यात राबत होता आणि साहित्याचा वाचक होता. त्याने लिहिलेली एक कथा 'योमिउरी'च्याच स्पर्धेसाठी पाठवलेली होती.

तो कोरियन होता. ही एवढीशी वाटणारी बाब खटल्याच्या केंद्रस्थानी आली. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानची वसाहत होता आणि री चिन-उचा जन्म १९४० साली तोक्योमध्ये, जपानी सम्राटाचा प्रजाजन म्हणून झाला होता. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को तह अमलात आला आणि जपानमधील कोरियनांचे नागरिकत्व एका फटक्यात संपले. मुलगा त्याच शहरात राहिला, तीच भाषा बोलत राहिला. मात्र बाराव्या वर्षी तो परका ठरला. शाळेत तो कानेको शिझुओ या जपानी नावाने वावरत असे. अटकेनंतर वृत्तपत्रांनी त्याला त्याचे कोरियन नाव परत दिले, पण ते गुन्हेगाराचे नाव म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये फाशी कायम केली. कादंबरीकार शोहेइ ओओका यांच्यासह अनेक विचारवंतांनी दयेची याचना केली, पण १६ नोव्हेंबर १९६२ रोजी शिक्षा अमलात आली. पाक सु-नाम या कोरियन लेखिकेशी तुरुंगातून झालेला त्याचा पत्रव्यवहार १९६३ साली पुस्तकरूपाने आला आणि जपानी वाचकांसमोर एक वेगळाच तरुण उभा राहिला. विचार करणारा, स्वतःच्या कृत्याकडे दुरून पाहणारा आणि त्या कृत्याचे वास्तवपण आपल्याला जाणवत नाही याने अस्वस्थ झालेला.

आता पैशाचा इतिहास. ओशिमा मूळचे शोचिकु या बड्या कंपनीचे दिग्दर्शक. १९६० च्या ऑक्टोबरात त्यांचा 'निहोन नो योरु तो किरि' हा राजकीय चित्रपट कंपनीने चार दिवसांत मागे घेतला. ते बाहेर पडले आणि १९६१ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी सोझोशा ही संस्था काढली. त्याच वर्षी आर्ट थिएटर गिल्ड ही संस्था परदेशी कलात्मक चित्रपटांच्या वितरणासाठी स्थापन झाली होती. १९६७ पासून ती निर्मितीत उतरली आणि तिने एक साधे सूत्र ठरवले. चित्रपटाचा खर्च एक कोटी येन, त्यातले अर्धे गिल्डचे, अर्धे दिग्दर्शकाच्या संस्थेचे. बड्या स्टुडिओच्या सर्वसाधारण चित्रपटाच्या तुलनेत ही रक्कम अगदी तुटपुंजी होती. 'एक कोटी येनचे चित्रपट' या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या या मालिकेतील पहिला चित्रपट म्हणजे 'कोशिकेइ'. शिंजुकुमधील 'शिंजुकु बुंका' हे या मालिकेचे प्रमुख चित्रपटगृह होते.

या काटकसरीच्या खुणा चित्रपटभर दिसतात. बाहेरचे मोजके प्रसंग वगळता बहुतेक सारे फाशीघराच्या एकाच सेटवर घडते आणि पडद्यावरची बरीच माणसे दिग्दर्शकाच्या मित्रमंडळातली आहेत. धर्मगुरूची भूमिका करणारे तोशिरो इशिदो हे पटकथाकार. सुरक्षा अधिकारी झालेले मासाओ आदाची स्वतः दिग्दर्शक. पुढे १९७४ मध्ये ते लेबनॉनला जाऊन जपानी रेड आर्मीत सामील झाले आणि अखेर खऱ्या तुरुंगात पोहोचले. सरकारी वकिलाच्या कारकुनाच्या भूमिकेतील मासाओ मात्सुदा हे समीक्षक. निवेदकाचा आवाज खुद्द ओशिमांचा. एकच खोली आणि तिच्यात अडकलेली माणसे ही रचना गरिबीने लादलेली होती हे खरे. परंतु अधिकाऱ्यांना पळायला जागाच न ठेवणारी तीच खोली चित्रपटाच्या विनोदाचे यंत्र बनली.

शीर्षकापासूनच शब्दांशी झटापट सुरू होते. फाशीसाठी जपानीत रूढ शब्द 'कोशुकेइ'. त्यातील 'शु' म्हणजे मान. ओशिमांनी तिथे 'शि', म्हणजे मृत्यू, हे अक्षर घातले. कायद्याच्या भाषेने मानेपर्यंतच नेऊन सोडलेली गोष्ट एका अक्षराने पूर्ण झाली.

चित्रपट एखाद्या माहितीपटासारखा उघडतो. जून १९६७ च्या सरकारी जनमत चाचणीचे आकडे पडद्यावर येतात : फाशी रद्द करण्यास विरोध ७१ टक्के, पाठिंबा १६ टक्के, सांगता येत नाही १३ टक्के. त्या ७१ टक्क्यांना विचारले जाते की, तुम्ही फाशीघर कधी पाहिले आहे का? फाशी देताना पाहिले आहे का? मग कोरड्या आवाजातील निवेदन आपल्याला ती इमारत दाखवते. 'आर' या आद्याक्षराने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाला फाशी दिली जाते. आणि तो मरत नाही. हृदय धडधडत राहते, तो शुद्धीवर येतो, पण आपण कोण हे त्याला आठवत नाही.

इथून प्रहसन सुरू होते. शुद्ध हरपलेल्याला फाशी देता येत नाही, कायदा आड येतो. धर्मगुरूच्या मते आरचा आत्मा आधीच गेलेला आहे, आता उरलेल्या देहाला पुन्हा मारणे अधर्म होईल. वैद्यकीय अधिकाऱ्याचे कर्तव्य काय? मरणाऱ्याला वाचवणे, की त्याला मरण्याइतपत बरे करणे? प्रत्येकाला आपल्या खात्याचा नियम तोंडपाठ आहे आणि परिस्थितीचे आकलन कोणालाच नाही. अखेर उपाय निघतो : आरला त्याचा गुन्हा आठवून द्यायचा. त्यासाठी अधिकारी स्वतःच त्या गुन्ह्याचे नाट्य करू लागतात.

फुमिओ वातानाबे यांनी उभा केलेला शिक्षणाधिकारी या नाट्याचा उत्साही सूत्रधार आहे. तो बलात्कार करून दाखवतो, गळा दाबून दाखवतो, आरच्या घरातील दारिद्र्य आणि भांडणे वठवून दाखवतो. आर मात्र सौम्यपणे पाहत राहतो आणि अगदी साधे प्रश्न विचारतो. जरा कोरियन माणसासारखा वाग, असे त्याला सांगितले जाते तेव्हा तो विचारतो की, कोरियन म्हणजे काय? अधिकारी चाचपडतात. त्यांच्याजवळ उत्तर म्हणून आहेत ती फक्त सोंगे. आरडाओरडा, दारू, गलिच्छपणा. प्रेक्षक हसतो, आणि त्याच्या ध्यानात येते की ज्या प्रतिमेने आरला घडवले ती आरच्या मनात कधीच नव्हती. ती या गणवेशधारी माणसांच्या मनात तयार होती. रंगमंच मिळताच ती बाहेर आली.

आमच्या मते चित्रपटाचा सारा युक्तिवाद या ठिकाणी आहे. आरला दोषी म्हणून मारण्यासाठी राज्याला आधी 'आर' निर्माण करावा लागतो, आणि तो निर्माण करताना राज्य स्वतःच गुन्हेगाराच्या भूमिकेत शिरते. म्हणून खोलीतले नाट्य शाळेच्या गच्चीवर पोहोचते तेव्हा अभिनय आणि कृती यांतील सीमा पुसली जाते आणि शिक्षणाधिकाऱ्याच्या हातूनच एका मुलीचा गळा दाबला जातो. त्यानंतर दिसू लागलेले प्रेत आधी काहींनाच दिसते, इतरांना दिसत नाही. पाहणे आणि न पाहणे ही इथे ज्याच्या त्याच्या अंतःकरणाची कसोटी ठरते. पुढे मद्यपानाच्या प्रसंगात युद्धकाळातील हत्यांचा विषय निघतो. एक खून फाशीस पात्र आणि दुसरा सेवानिवृत्तीस, हा भेद कोणी केला, असा प्रश्न कोणीही न विचारता मध्यावर येऊन उभा राहतो. सरकारी वकिलामागे भिंतीवर राष्ट्रध्वज असतोच.

यानंतर अकिको कोयामा यांची 'बहीण' अवतरते. कोरियन पोशाखातील ही स्त्री आरला सांगते की, तुझा गुन्हा हा पीडित राष्ट्राचा सूड आहे. पाक सु-नाम यांच्या पत्रांची छाया या पात्रावर स्पष्ट आहे. पत्रांतही बहिणीचेच नाते होते. महत्त्वाचे हे की आर हा आरसुद्धा स्वीकारत नाही. अधिकाऱ्यांनी रचलेला नीच कोरियन आणि बहिणीने रचलेला वीर कोरियन, दोन्हींत त्याला स्वतः सापडत नाही. पीडितांविषयी सहानुभूती बाळगणाऱ्या कलाकृती बहुधा इथे घसरतात; ओशिमांचा तोल ढळत नाही. शेवटी दार उघडून त्याला जायला सांगितले जाते, पण बाहेरच्या डोळे दिपवणाऱ्या प्रकाशापाशी तो थांबतो. राज्य अस्तित्वात आहे तोवर आपल्याला बाहेर असे काही नाही हे त्याला उमगते. सर्व आरांसाठी तो आर होणे पत्करतो. त्याला पुन्हा फाशी दिली जाते. दोर ताणला जातो आणि फास रिकामा असतो.

तरीही एक आक्षेप नोंदवल्याशिवाय आम्हांला पुढे जाता येत नाही. कोमात्सुगावाच्या त्या दोन मुलींचे काय? चित्रपटात मारली गेलेली मुलगी पाहता पाहता आरची बहीण होते, म्हणजे मृत स्त्री जिवंत पुरुषाच्या आत्मशोधाचे साधन होते. अधिकारी बलात्काराचे नाट्य करतात तेव्हाचा हशा उपरोधाचा आहे हे मान्य, पण तिथे वेदना जिची होती तिला त्या खोलीत वाणी नाही. राज्याच्या नजरेची इतकी निर्दय चिकित्सा करणाऱ्या ओशिमांनी आपल्या स्वतःच्या नजरेला एवढी मोकळीक द्यावी ही उणीव लहान नाही. वर्गात हा चित्रपट शिकवताना ती झाकू नये. चित्रपटाने शिकवलेली कसोटी त्याच्यावरच लावून पाहावी.

या उणिवेसह 'कोशिकेइ' टिकून आहे, कारण त्याचा प्रश्न टिकून आहे. कोरियन-जपानी संबंधांवर ओशिमा या काळात वारंवार परतत होते. १९६३ चा 'वासुरेरारेता कोगुन' हा माहितीपट आणि १९६५ चा स्थिरचित्रांचा 'युनबोगि नो निक्कि' ही त्याची उदाहरणे. परंतु हसण्याचे धाडस त्यांनी फाशीघरात केले. 'किनेमा जुम्पो' या नियतकालिकाच्या १९६८ च्या यादीत हा चित्रपट तिसरा आला. पाहणाऱ्यांनी तो नाकारला नव्हता. फाशी मात्र जपानमध्ये राहिली, आणि आजही ती दोरानेच दिली जाते. तोक्योच्या कारागृहातील फाशीची खोली पत्रकारांना दाखवण्यात आली ती २०१० साली. मृत्युदंडाच्या छायेत अनेक दशके काढलेल्या इवाओ हाकामादा यांची निर्दोष मुक्तता सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. त्याच वर्षीच्या सरकारी पाहणीत मात्र ८३.१ टक्के लोकांनी फाशी अपरिहार्य मानली. प्रश्नाची शब्दरचना वेगळी असल्याने ही टक्केवारी १९६७ च्या आकड्याशी सरळ तोलता येणार नाही, पण वारा कोणत्या दिशेचा हे कळते.

चित्रपटाच्या अखेरीस ओशिमांचा आवाज एकेका अधिकाऱ्याचे या फाशीत सहभागी झाल्याबद्दल आभार मानतो आणि शेवटी चित्रपट पाहणाऱ्या तुमचेही आभार मानतो. दीड-दोन तास आपण ज्यांच्यावर हसलो त्यांच्याच रांगेत तो आपल्याला नेऊन उभे करतो. सुरुवातीला विचारलेला प्रश्न आता बदललेला असतो. फाशी पाहिली आहे का, याचे उत्तर आपण आता 'हो' असे देऊ शकतो. पाहून काय केले, याचे उत्तर द्यायचे राहते.