पाच सेंटांचा किल्ला

परक्याच्या हातचे अन्न खावे की न खावे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. आमच्या लहानपणी एस. टी.च्या प्रवासास निघताना दशम्या, लसणीची चटणी आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या बरोबर घेतल्यावाचून घरातील वडील मंडळी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत नसत. स्टँडवरच्या भज्यांचा वास कितीही सुटो, त्या तेलाची व त्या हातांची खात्री कोणी द्यावी, हा त्यांचा सवाल असे. हा सवाल केवळ आमच्या सोवळ्याओवळ्यातून निघालेला आहे आणि पाश्चात्त्य देशांत त्याला थारा नाही, अशी आम्हा इंग्रजी शिकलेल्यांची कॉलेजात असताना समजूत होती. ती किती भ्रामक होती हे अमेरिकेतील एका हँबर्गर विकणाऱ्या दुकानमालिकेचा इतिहास वाचताना आमच्या ध्यानात आले. पदार्थ गोमांसाचा, तेव्हा कित्येक वाचकांस विषयच अप्रिय वाटण्याचा संभव आहे. त्यांस एवढीच विनंती की, येथे पाककृती सांगावयाची नसून, ज्याच्याकडे लोक संशयाने पाहत अशा एका खाद्याने लोकांचा विश्वास कसा मिळविला, ती हकीकत सांगावयाची आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत हँबर्गर हे जत्रेतल्या आणि गिरणीच्या फाटकाबाहेरच्या हातगाड्यांवरचे खाणे होते. प्रतिष्ठित माणूस त्याकडे वळून पाहत नसे. त्याचे कारण उघड होते. मांसाचा अख्खा तुकडा पाहून ताजा की शिळा हे कोणासही ओळखता येते. खिम्याचे तसे नाही. खाटकाच्या मागच्या खोलीत त्यात काय काय दळले गेले हे दळणाराच जाणे. अशात 1906 साली अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी निघाली. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या मजुरांचे हाल जगापुढे मांडावे, हा लेखकाचा हेतू. परंतु वाचकांनी मजुरांचे हाल बाजूस ठेवले आणि त्या मांसात काय मिसळले जाते एवढेच ध्यानात धरले. त्याच वर्षी प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्टच्या कारकीर्दीत शुद्ध अन्नाचा आणि मांस-तपासणीचा असे दोन कायदे झाले. कायद्याने मोठ्या कारखान्यांत तपासनीस आले खरे. पण कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याच्या खिम्याविषयी लोकांच्या मनात बसलेली किळस कायद्याने जाण्यासारखी नव्हती.

कॅन्सस संस्थानातील विचिटा हे गाव त्या काळी गहू, गुरे आणि नव्याने निघालेले खनिज तेल यांवर भरभराटलेले होते. तेथे वॉल्टर अँडरसन नावाच्या एका आचाऱ्याने 1916 मध्ये ट्रामच्या एका जुन्या डब्यात आपले दुकान थाटले. हँबर्गर प्रथम कोणी केले याविषयी अमेरिकेतील चारपाच गावांत वाद आहे, आणि तो आमच्याकडील काही वादांप्रमाणेच कधी मिटेलसे दिसत नाही. त्यात आम्ही पडत नाही. अँडरसनने केले ते असे: खिम्याचा गोळा उलथन्याने दाबून पातळ केला, कडकडीत तव्यावर कांद्याबरोबर भाजला, आणि त्याच्या मापाच्या गोल पावात घालून पाच सेंटांस विकला. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तवा त्याने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ठेवला. मांस दिवसातून दोनदा ताजे येई, आणि ते भाजले जाताना समोर बसलेल्या प्रत्येकास दिसे. ज्याला संशय असेल त्याने पाहावे! पाकशास्त्रातील नव्हे, पण मानवी स्वभावाच्या शास्त्रातील हा एक लहानसा शोधच म्हटला पाहिजे.

पाच वर्षांत त्याची अशी तीन दुकाने झाली. पुढच्या दुकानासाठी जागा मिळविण्याच्या खटपटीत त्याची गाठ एडगर वाल्डो इन्ग्रॅम या गृहस्थाशी पडली. त्यास सारे बिली म्हणत. हा विम्याचा व जमिनीच्या खरेदीविक्रीचा धंदा करी. आचाऱ्याशी विमा-एजंटाने भागीदारी करावी हे प्रथमदर्शनी विचित्र दिसते. पण विचार करू जाता यासारखी योग्य जोडी दुसरी जुळली नसती असे आम्हांस वाटते. विमेवाल्याचा माल तरी कोणता? जी वस्तू हातात देता येत नाही, तिच्यावर विश्वास बसविणे हाच त्याचा सारा व्यापार. अँडरसनचा प्रामाणिक तवा पाहून, त्या प्रामाणिकपणाला एक चेहरा दिला पाहिजे, हे इन्ग्रॅमने ताडले. 1921 साली दोघांनी सातशे डॉलर कर्ज काढून नवे दुकान उघडले आणि त्याला ‘व्हाइट कॅसल’, म्हणजे पांढरा किल्ला, असे नाव ठेवले. पांढरा रंग शुद्धतेचा, किल्ला चिरस्थायित्वाचा. शिकागोच्या 1871 च्या प्रचंड आगीतून वाचलेला तेथील पाण्याचा मनोरा या किल्ल्याच्या आकृतीस नमुना म्हणून घेतला. तटबंदी, बुरूज, कंगोरे सर्व काही होते. आत मात्र बसावयास उंच स्टुले पाचच! सातशे डॉलरांचे कर्ज नव्वद दिवसांत फिटले. त्यानंतर इन्ग्रॅमने उसन्या पैशावर धंदा वाढविण्याचे जन्मभर टाळले. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर फिरतो.

पुढील दहा वर्षांत ओमाहा, कॅन्सस सिटी, सेंट लुई, मिनिॲपोलिस, डेट्रॉइट, शिकागो असे करीत हे किल्ले 1930 पर्यंत न्यूयॉर्कला जाऊन पोहोचले आणि त्यांची संख्या शंभरावर गेली. अँडरसनला विमानांची हौस. लांबच्या शहरांतील दुकानांच्या तपासणीस कंपनीचे स्वतःचे विमान जाई. कारखान्याचे फाटक, ट्रामचा थांबा, हमरस्त्याचा नाका अशा जागी दुकान काढावे, आणि एकही दुकान दुसऱ्यापासून रेसभर वेगळे असू नये, असा दंडक होता. तेच स्टूल, तेच फळकुट, कॉफीचे तेच प्रमाण, एका पौंड मांसाचे अठराच तुकडे. वाढप्याची दाढी केलेली, नखे कापलेली, अंगात स्वच्छ पांढरा पोषाख. डोक्यावरची कापडी टोपी लवकर मळे, म्हणून 1932 मध्ये कागदी टोपी निघाली आणि ती करण्यासाठी कंपनीने निराळा कारखानाच काढला. तुम्ही एका दुकानात बसला आहा तेव्हा हजारो लोक तुमच्यासारखेच, तसल्याच बैठकीवर, तेच खात आहेत, अशा अर्थाची जाहिरात इन्ग्रॅमने छापली होती. आम्हांस ती वाचून थोडे उदास वाटले हे कबूल करतो. ज्या देशात आमटीची चव घरागणिक पालटते आणि त्यातच प्रत्येक घराचा अभिमान असतो, त्या देशातील माणसास हजारांपैकी एक होण्यात सुख ते कसले वाटणार? परंतु हे खाणारे कोण होते ते पाहिले म्हणजे आमची ही उदासीनता किती सुखवस्तूपणाची आहे ते कळते. शेतवाडी सोडून परक्या शहरात गिरणीत लागलेला मजूर, रात्रपाळीचा कामकरी, ज्याला आमटी करून घालणारे कोणी नाही असा एकटा माणूस! त्यास सेंट लुईत खाल्लेला घास डेट्रॉइटमध्ये तसाच मिळाला, तर ते सारखेपण नव्हे, ओळख होती.

तरीही इन्ग्रॅमचे समाधान होईना. शुद्धतेची साक्ष डोळ्यांनी झाली. आता शास्त्राची हवी होती. म्हणून 1930 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील एका शास्त्रज्ञाकडून त्याने प्रयोग करविला. वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने तेरा आठवडे केवळ व्हाइट कॅसलचे हँबर्गर आणि पाणी यांवर राहावयाचे! शेवटी शेवटी हा तरुण दिवसाला वीसबावीस हँबर्गर खाई, आणि त्याची प्रकृती उत्तम राहिली असा निष्कर्ष निघाला. पावात चुन्याचा अंश थोडा वाढवावा एवढीच काय ती सूचना झाली. आमचे आयुष्य विद्यार्थ्यांत गेले असल्यामुळे, या प्रयोगात शास्त्र किती आणि फुकटच्या जेवणाची ओढ किती, अशी शंका आमच्या मनात आल्यावाचून राहिली नाही. एका माणसावरून सिद्धान्त बांधू नये हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातच शिकवितात. पण जाहिरातीस एक माणूस पुरतो.

यश आले की नक्कल येते. 1926 मध्ये मिलवॉकी शहरी ‘व्हाइट टॉवर’, म्हणजे पांढरा मनोरा, नावाची दुसरी मालिका निघाली. तसाच पांढरा रंग, तसेच बुरूज, तोच पाच सेंटांचा भाव. प्रकरण कोर्टात गेले, आणि मनोऱ्याने किल्ल्याची नक्कल केली हा निकाल 1937 साली अपिलातही कायम झाला. मधल्या काळात मंदीने देश पोळून निघाला होता. पाच सेंटांचे खाणे मंदीतही परवडते, किंबहुना मंदीतच अधिक परवडते. 1930 नंतरच्या त्या वाईट वर्षांत इन्ग्रॅमने वर्तमानपत्रांत कुपन छापून, ते आणणारास दहा सेंटांत पाच हँबर्गर दिले. ज्या पांढरपेशा गृहिणींनी पूर्वी या दुकानाची पायरी चढणे कमीपणाचे मानले असते त्या कुपन घेऊन आल्या आणि कागदी पिशव्या भरून घरी नेऊ लागल्या. तेथे दर्जा गाळून नव्हे, तर गरजेने मोडला.

या काळातील एक गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. दुकानाची जागा बहुधा भाड्याची असे, आणि मालकाने पट्टा संपविला की बांधलेला किल्ला तेथेच सोडावा लागे. यावर तोड म्हणून कंपनीने पोलादाच्या, मुलामा चढविलेल्या पत्र्यांच्या इमारती करविल्या. त्या सुट्या करून दुसरीकडे उभ्या करता येत. त्यासाठी 1934 मध्ये कंपनीने निराळी शाखा काढली. चिरस्थायित्वाची खूण म्हणून ज्याची आकृती निवडली तो किल्लाच गाड्यावर घालून नेता येऊ लागला! आमच्याकडे किल्ले फितुरीने गेले, तहाने गेले; उचलून नेलेला ऐकिवात नाही. मालकीचेही तेच झाले. 1933 मध्ये अँडरसनचा हिस्सा इन्ग्रॅमने विकत घेतला, पुढच्या वर्षी कचेरी ओहायोतील कोलंबस शहरी हलली, आणि 1938 मध्ये विचिटातील दुकाने विकून टाकण्यात आली. जेथे आरंभ झाला ते गाव आता मुख्य बाजारापासून फार दूर पडत होते.

दुसऱ्या महायुद्धात मांसाचे रेशनिंग झाले, पुरुष लढाईवर गेले, आणि ज्या दुकानांत तोवर केवळ पुरुषच काम करीत तेथे स्त्रिया आल्या. तरीही पुष्कळ दुकाने मिटली. युद्धानंतर भाव दहा सेंट झाला. परंतु खरे संकट भावाचे नव्हते. गिऱ्हाईकच गाव सोडून चालले होते. मोटार घेऊन लोक उपनगरांत राहावयास गेले. किल्ले ट्रामच्या थांब्याशी उभे राहिले. 1948 साली कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो येथे मॅक्डॉनल्ड बंधूंनी आपले चालते उपाहारगृह काही महिने बंद ठेवून, मोजके नऊ पदार्थ आणि पंधरा सेंटांचा हँबर्गर अशा नव्या स्वरूपात पुन्हा उघडले. 1954 मध्ये दुधाचे पेय घुसळण्याची यंत्रे विकणारा रे क्रॉक तेथे गेला, ते पाहून चकित झाला, आणि पुढच्या वर्षी त्याने शिकागोजवळ डे प्लेन येथे आपले पहिले दुकान काढले. 1961 मध्ये सत्तावीस लाख डॉलर देऊन त्याने बंधूंचे सर्व हक्क घेतले. क्रॉकने दुसऱ्यांच्या भांडवलावर, नाव वापरण्याचा परवाना विकून, उपनगरे व्यापली. इन्ग्रॅमने मात्र परवाने दिले नाहीत व कर्ज घेतले नाही. नाव आमचे, तर तवाही आमच्याच नजरेखाली असला पाहिजे, असे त्याचे मत होते. त्यास कोणी हट्टी म्हणतील. आम्हांस त्यात व्यापारी दूरदृष्टी थोडी आणि सचोटी पुष्कळ दिसते, आणि दोन्ही एकत्र नांदतील असा नियम कोठेच नाही.

सचोटीची ही बाजू सर्वांस सारखी दिसली असेही नव्हे. 1963 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, कृष्णवर्णीयांस नोकऱ्या द्या म्हणून या दुकानांपुढे निदर्शने झाली. त्यांना तो पांढरा रंग काहीसा निराळा भासला असल्यास नवल नाही. 1964 साली इन्ग्रॅमने आपल्या धंद्याचा वृत्तांत व्याख्यानरूपाने सांगितला, आणि दोन वर्षांनी तो वारला.

मॅक्डॉनल्ड 1996 च्या ऑक्टोबरात दिल्ली व मुंबई येथे आले. गोमांस नाही, डुकराचे मांस नाही, शाकाहारी पदार्थांचा तवा निराळा, तो हाताळणारी माणसे निराळी. आणि हे खरे आहे याची खात्री पटावी म्हणून लोकांना स्वयंपाकघर हिंडवून दाखविण्यात आले. ऐंशी वर्षांपूर्वी विचिटात तवा समोर ठेवणाऱ्या अँडरसनला हे पाहून हसू आले असते. 2001 मध्ये अमेरिकेतील बटाट्याच्या काचऱ्यांत गोमांसाचा अर्क असल्याचे उघड होऊन तेथील हिंदू व शाकाहारी लोकांनी दावा लावला, आणि पुढच्या वर्षी कंपनीने एक कोटी डॉलर देऊन तो मिटविला. भारतात तो अर्क वापरीत नाही असे कंपनीने सांगितले. तरी ती बातमी वाचून आमच्या घरातील वडील मंडळींनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिला उत्तर नव्हते.

मॅक्डॉनल्डची दुकाने आज जगभर चाळीस हजारांहून अधिक आहेत. व्हाइट कॅसलची साडेतीनशेच्या आसपास. कंपनी अद्याप इन्ग्रॅम कुटुंबाकडेच आहे, आणि 2015 पासून बिलीची पणती लिसा इन्ग्रॅम तिचा कारभार पाहते. 2018 पासून तेथे वनस्पतींपासून केलेला, मांसविरहित हँबर्गरही मिळतो. मिनिॲपोलिसमध्ये 1936 साली उभारलेला पोलादी किल्ला एकाहून अधिक वेळा जागा बदलून लिंडेल ॲव्हेन्यूवर येऊन थांबला आहे. राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत त्याची नोंद झालेली असून, हँबर्गर तेथे कधीच मिळेनासे झाले आहेत. पुढे इतर धंद्यांची दुकाने त्यात येऊन गेली, आणि बुरूज व कंगोरे तेवढे पांढरेशुभ्र आहेत.