सामाईक भिंत : माळव्यातील एका दगडी घराचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी मी राजवाडा किंवा किल्ला न निवडता शेतातले एक दगडी घर निवडले, याचे काहींना नवल वाटेल. हे घर धार जिल्ह्यातील आमच्याच कुटुंबाचे आहे. त्याची पडझड मी पाहिली आणि तिला काही अंशी मीही कारण झालो, म्हणूनच त्याविषयी बोलण्याचे धाडस करतो.

29 नोव्हेंबर 1728 रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. पुढे धार आनंदराव पवारांकडे आणि देवास तुकोजी व जिवाजी या बंधूंकडे आले. त्यांच्यामागून दक्षिणेतील अनेक कुटुंबे इकडे स्थायिक झाली. आमचे कुटुंब त्यांपैकीच एक, असे घरात परंपरेने सांगतात. दक्षिणेतून आलेल्या गवंड्याला येथे परके वाटले नसावे, कारण तोच काळा पाषाण आणि तीच काळी जमीन त्याला येथेही मिळाली.

ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून घराचा पाया काळ्या थराखाली मुरमापर्यंत नेलेला आहे. भिंत दुपदरी असून मध्ये चिपा आणि चुना भरला आहे. दोन्ही पदरांना बांधून ठेवण्यासाठी ठरावीक अंतरावर आरपार लांब दगड घातले आहेत. वर सागवानी वासे आणि कौले. चुना ओल घेतो आणि उन्हात सोडून देतो. घर टिकले ते या देवघेवीमुळे.

माझे आजोळ देवासचे. 1818 मध्ये देवासच्या दोन्ही पात्यांनी इंग्रजांशी एकत्रच तह केला, तरी कारभार मात्र पुढे वेगळा होत गेला. एकाच गावात थोरल्या आणि धाकट्या पातीचे दोन राजे, दोन दरबार आणि दोन राजवाडे नांदले. 1921 साली थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे यांचे खाजगी चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1953 च्या आपल्या पुस्तकात ही व्यवस्था वर्णिली आहे. नव्या राजवाड्याचे काम अजून चालू असतानाच त्याचा आधी बांधलेला भाग ढासळू लागला होता, हेही त्यांनी टिपले आहे. त्याच पुस्तकावरून कळते की, वाटणीतून देवीची टेकडीसुद्धा सुटली नाही. पण प्रत्येकाला देवीपर्यंत जाता यावे, अशा रीतीनेच ती वाटली गेली. लहानपणी हा मजेचा विषय वाटे. आज त्यात मोठे शहाणपण दिसते.

1948 मध्ये दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि 1951 च्या कायद्याने जहागिऱ्या संपल्या. आमच्या घरातील कर्ते पुरुष नोकरीसाठी इंदुराकडे वळले. आजोबांच्या वेळच्या मोडी वाटणीपत्रात ओसरी, माजघर, गोठा यांचे दोन भाग स्पष्ट लिहिले आहेत. विहीर, परसातली वाट आणि मधली भिंत मात्र ‘सामाईक’ ठेवली आहे. मोडी येईनाशी झाल्यावर तो कागद ट्रंकेत पडून राहिला.

पुढे चुलत भावाने आपल्या भागाची कौले उतरवून विकली. त्याची अडचण खरी होती. मी ती विचारलीही नाही. उलट माझा भाग सुरक्षित करावा म्हणून मधल्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या. त्याच्या बाजूने पाऊस भिंतीच्या माथ्यावरून आत उतरू लागला आणि माझ्या बाजूच्या सिमेंटने ती ओल कोंडून धरली. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आले. दोघांनीही आपापलेच राखले आणि दोघांचे मिळून जे होते ते खचले.

त्यानंतर एका जाणत्याकडून तो कागद वाचून घेतला. दोघांनी मिळून आधी भिंतीचा माथा झाकला, मग सिमेंट खरवडून चुना भरला. सुटलेला पदर उतरवून त्याच दगडांनी पुन्हा रचला. आरपार दगड जागच्या जागी बसवताना वृद्ध गवंडी हसून म्हणाला, “हे दोन्हीकडचे असतात, साहेब.” भावाच्या भागावर अजून पत्रेच आहेत. कौले जमतील तेव्हा चढतील.

जतन म्हणजे केवळ डागडुजी नव्हे, हे मी या भिंतीपाशी शिकलो. वाटण्या होतच राहणार. त्या थांबवा, असे मी म्हणत नाही. माझी विनंती एवढीच, की आपापल्या घरातील जुने कागद मोडी जाणणारी माणसे आहेत तोवर वाचून घ्या, आणि नवे वाटणीपत्र कराल तेव्हा पाण्याची, वाटेची व भिंतीची ती ओळ त्यात लिहायला विसरू नका.