माडाच्या आळ्यात

१ मार्च १९५४, सकाळचे पावणेसात. तुम्ही मार्शल बेटांपैकी रोंगेलॅपच्या किनाऱ्यावर उभे आहात. कुणाच्या तरी चुलीवर कॉफी उकळते आहे. इतक्यात पश्चिमेला उजाडतं. आभाळ पिवळं, केशरी, मग लालभडक होतं. काही मिनिटांनी गडगडाट येतो, घरं हादरतात, आणि मग पुन्हा लाटांचा आवाज तेवढा उरतो.

तिकडे दीडशे किलोमीटरवर, बिकिनीत, अमेरिकेने ‘ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब फोडला आहे. अंदाज ५-६ मेगाटनांचा होता, निघाला १५ मेगाटनांचा. लिथियमचा जो प्रकार स्फोटात गप्प बसेल असं धरलं होतं, तो गप्प बसला नाही. बेटावर हे कुणालाच ठाऊक नाही.

दुपारच्या सुमारास वरून भुकटी पडू लागते. पांढरी, पिठूळ. बोटांत चोळून बघा: चुना आहे. बिकिनीचं प्रवाळ स्फोटात भाजून, वर उडून, आता या माणसांच्या डोक्यावर उतरतंय. पोरं त्यात खेळतात. खोबरेल चोपडलेल्या केसांत तो छान चिकटून बसतो. पावसाचं पाणी साठवलेल्या टाक्यांत पडतो, वाळत घातलेल्या माशांवर पडतो. तुम्हाला ओरडावंसं वाटतं, पण त्यांची भाषा येत नाही. आली असती तरी काय सांगणार होता?

रात्री खाज सुटते, डोळे चुरचुरतात, ओकाऱ्या होतात. शेजारच्या रोंगेरिकवर हवामान मोजणारे २८ अमेरिकी आहेत. ते दुसऱ्या दिवशीच हलवले जातात. रोंगेलॅपकरांसाठी जहाज येतं ३ मार्चला. क्वाजालीनच्या तळावर त्यांची मानेवरची, पावलांवरची कातडी सोलवटते, केसांचे पुंजके हातात येतात. महिन्याभराने, २ एप्रिलला, दिल्लीत लोकसभेत नेहरू अशा चाचण्या थांबवा म्हणतात. त्या थांबत नाहीत. १९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांवर एकूण ६७ होतात.

आता तीन वर्षं पुढे या. १९५७. बेट राहण्याजोगं झालंय असं सांगून लोकांना परत आणलं आहे. स्फोटाच्या दिवशी बेटावर नसलेले नातेवाईकही सोबत आलेत. हवा स्वच्छ, माड लगडलेले. इथे थोडं थांबा, कारण पुढचं सगळं मातीत आहे.

कोकणात माडाच्या आळ्यात राख घालतात. माडाला पोटॅश लागतं, आणि ते राखेत असतं. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियमची कायमची टंचाई, म्हणून इथला माड जे मिळेल ते अधाशासारखा शोषतो. सीझियम-१३७ पोटॅशियमसारखंच वागतं. मुळांना फरक कळत नाही. शहाळ्यात येतं, खोबऱ्यात येतं, खोबरं खाणाऱ्या मोठ्या खेकड्यात येतं. निम्मं व्हायला त्याला तीस वर्षं लागतात. डॉक्टर दरवर्षी येतात, रक्त घेतात, मोजतात. ही माणसं इथे राहिली तर मोलाची माहिती मिळेल, असं त्यांच्या अहवालात लिहिलेलं आहे. मला वाटतं, बेटकऱ्यांचा डॉक्टरांवरचा राग इथून सुरू होतो, आणि तो समजण्यासारखा आहे.

१९६३ मध्ये एका मुलीच्या गळ्यावर गाठ दिसते. मग आणखी काहींच्या. भुकटीतलं आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होत गेलं आणि काही महिन्यांत संपलंही, पण संपण्याआधी थायरॉइडमध्ये जाऊन बसलं होतं. लहान मुलांची ग्रंथी इवलीशी, त्यामुळे मात्रा कितीतरी पटींनी जास्त. त्या दिवशी दहा वर्षांच्या आत असलेल्या बहुतेकांच्या गळ्यात पुढे काही ना काही निघतं. तेव्हा जेमतेम वर्षाची असलेली दोन मुलगे वाढतच नाहीत, ग्रंथीच सुकलेली. त्यांना हॉर्मोनच्या गोळ्या सुरू होतात, आणि १९६५ पासून त्या दिवशी बेटावर असलेल्या सगळ्यांनाच. गळ्यावर आडवा व्रण असणं इथल्या पिढीची खूणच होऊन बसते.

बायका वेगळंच सांगतात: गर्भ पडल्याचं, आकार नसलेलं बाळ जन्मल्याचं. जेलीफिशसारखं, म्हणतात.

१९७२ मध्ये जॉन अंजैन या दंडाधिकाऱ्यांचा मुलगा ल्युकेमियाने जातो. वय १९. भुकटी पडली तेव्हा तो एक वर्षाचा होता.

शेवटचा टप्पा, मे १९८५. ग्रीनपीसचं ‘रेनबो वॉरियर’ जहाज लगूनमध्ये नांगरलंय. लोकांनी अमेरिकेकडे हलवण्याची मागणी करून पाहिली, आता ते स्वतःच निघालेत, तीनशेहून अधिक जण. घरांच्या फळ्या, पत्रे उतरवून होड्यांतून जहाजावर चढवतात. मेजाटो नावाच्या दुसऱ्या बेटावर ती घरं पुन्हा उभी राहायची आहेत. तुम्हीही एका फळीला हात लावता. मागे किनाऱ्यावर माड वाऱ्याने सळसळतायत, नारळांनी ओथंबलेले.