मतं लोकांची, गव्हर्नर सिनेटचा

मंडळी, आपल्याकडे एका मताने पुढे असला तरी गुलाल उडतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तसं नव्हतं. १७८० च्या त्यांच्या राज्यघटनेप्रमाणे गव्हर्नर व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागायची. तेवढी कुणालाच नाही पडली तर पहिल्या चार जणांतून खालचं सभागृह दोन नावं निवडणार आणि त्यातला एक सिनेट ठरवणार.

आता खरी मेख बघा. सिनेटच्या जागा लोकसंख्येवर नव्हत्या, कोणता जिल्हा किती कर भरतो त्यावर होत्या. म्हणजे पैसेवाल्या भागाचं वजन जास्त. मत द्यायलासुद्धा ६० पौंडांची मालमत्ता नाहीतर जमिनीचं ३ पौंड वार्षिक उत्पन्न लागायचं!

जानेवारी १७८५ मध्ये लोकप्रिय गव्हर्नर जॉन हँकॉकने राजीनामा दिला. कारण सांगितलं गाऊटच्या दुखण्याचं. दुखणं खरंच होतं, पण युद्धाच्या कर्जाचं ओझंही होतं. माझ्या मते माणूस वेळेवर निसटला. निवडणुकीत त्याच्या गटाचा थॉमस कुशिंग आणि बोस्टनचा श्रीमंत व्यापारी जेम्स बोडन समोरासमोर आले. बहुमत कुणालाच नाही. प्रकरण विधिमंडळात गेलं आणि सिनेटने बोडनला बसवलं.

बोडनने कर वसुलीचा बडगा उगारला. कर आणि कर्ज नाण्यांत फेडा, असा आग्रह. पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे नाणी होती कुठे? जमिनी जप्त होऊ लागल्या, कर्जदार तुरुंगात जाऊ लागले. त्यात स्वातंत्र्ययुद्ध लढलेले सैनिकही होते. ऑगस्ट १७८६ मध्ये नॉर्दॅम्प्टनचं कोर्ट जमावाने बंद पाडलं. डॅनियल शेज हा माजी कॅप्टन पुढे आला. सरकारी तिजोरीत फौजेला पैसे नाहीत, म्हणून बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या खिशातून दिले! २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारासमोर तोफ डागली गेली, चार बंडखोर मेले.

सगळं खापर सिनेटवर फोडता येणार नाही. १७८६ ची निवडणूक बोडनने लोकांच्या मतांवरच जिंकली होती, बंड त्यानंतर पेटलं. पण १७८७ च्या वसंतात लोक झुंडीने मतदानाला आले आणि हँकॉकला बोडनच्या सुमारे तिप्पट मतं पडली. या वेळी सिनेटला विचारायची वेळच आली नाही.

निम्म्याहून जास्त मतांचा तो नियम मात्र १८५५ पर्यंत टिकला.